एकाच बाजूला फिरणारा डबा

३ जून १९९५

कारखान्यानं निरोपाच्या वेळी दिलेली ही डायरी कपाटात पडून होती. पहिले पाच महिने कोरेच गेले, कारण लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी काचीगुडा स्टेशनपर्यंत एक फेरी. सारा जन्म टूलरूममध्ये काढलेला माणूस स्वेच्छानिवृत्ती घेतो आणि घरी बसून बायकोकडून केबलवरच्या मालिकांच्या गोष्टी ऐकतो, यात लिहायचं काय?

आज मात्र घडलं. ज्योती म्हणजे आमची सून, कुलदीपची बायको. माहेर पुण्याचं, चित्रकलेच्या कॉलेजात शिकलेली. शनिवारी पुढच्या खोलीत गल्लीतल्या पोरांचा चित्रांचा वर्ग घेते. आज तिनं बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा वाकवून एक गोल डबा केला होता. डब्याच्या वरच्या अंगाला उभ्या फटी, खालच्या अंगाला आतून कागदाची लांब पट्टी. पट्टीवर ओळीनं चौकोन आणि प्रत्येक चौकोनात खालच्या मजल्यावरच्या राणीनं काढलेला एक बेडूक, दर वेळी थोडा वर, मग थोडा खाली. ज्योतीनं डबा पेन्सिलीच्या टोकावर तोलून फिरवला आणि म्हणाली, "बाबा, फटीतून बघा."

बघतो तर बेडूक उड्या मारतोय! एक डोळा मोठा, एक बारका असलेला, राणीच्या हातचा बेडूक. पोरं किंचाळत होती. मीही किंचाळलो असतो, पण डबा डगडगत होता आणि ते मला बघवेना. त्याच क्षणी मला हे खेळणं सुचलं. पत्र्याचा डबा, खाली बेअरिंग, आतून काळा रंग. मी म्हटलं, "ज्योती, हे आपण बाजारात आणू." ती इतकी खूश झाली की आतून कागदांची गुंडाळी घेऊन आली. अशा डब्याची चित्रं तिनं वर्षभर आधीच काढून ठेवली होती म्हणे. मी म्हटलं, राहू दे, आधी मला नीट विचार करू दे.

२१ जून

कुकटपल्लीला हिम्मतरावच्या शेडचा अर्धा भाग मिळाला. हिम्मतराव माझ्याच खात्यातला, माझ्याच दिवशी बाहेर पडला. त्याच्याकडे पत्रा कापायची प्रेस आहे, माझ्याकडे डोकं आहे, असं मी म्हटलं. तो हसला.

ज्योतीचा पुठ्ठ्यासाठी हट्ट होता. पुठ्ठा हलका, पोरांना उचलता येतो, मोडला तर घरी चिकटवता येतो, असं तिचं म्हणणं. मी तिला शांतपणे समजावलं की मोडेल ते खेळणं आपण विकायचंच कशाला? शेवटी तिनं मान्य केलं, म्हणजे गप्प बसली. सुनेला मी पहिल्यापासून मोकळीक दिली आहे. तिचं मत मी नेहमी ऐकून घेतो.

जेवताना कुलदीपनं एक विषय काढला. ज्योतीच्या मैत्रिणीनं पुण्यात ऑफिस थाटलंय, टीव्हीच्या जाहिरातींसाठी हलती चित्रं काढतात. तिथं ज्योतीला बोलावलंय. कुलदीपच्या बँकेत पुण्याची बदली मागता येते. मी विचारलं, "मग? जायचंय का तुम्हाला?" कुलदीप म्हणाला, "खेळण्याचं काय होतंय ते बघू की, बाबा. ज्योतीचं मन इथं रमलं तर कशाला जाऊ?"

म्हणजे सगळं आता या डब्यावर आहे. डबा चालला तर पोरं इथं राहतील, नाहीतर आम्ही दोघं म्हातारे आणि केबल. मालनबाई हे ऐकून भाजी ढवळत राहिल्या. बायकोला मी इथं मालनबाई असंच लिहिणार, समोर म्हणायची सोय नाही.

९ जुलै

मोठी अडचण आली आणि मी ती सोडवली.

पत्र्याचा पहिला डबा राणीला दिला. तिनं तो उलट्या बाजूला फिरवला. बेडूक मागं मागं उड्या मारत गेला! राणी आणि ज्योती पोट धरून हसल्या. मला हसू आलं नाही. माणसं विकत घेतील, पोरगं उलटं फिरवील, बाप म्हणेल माल खराब आहे. कारखान्यात मशीनचा दोष आणि माणसाचा दोष वेगळा काढायला आम्ही आयुष्य घालवलं. उत्तम मशीन तेच, जे माणसाला चूक करूच देत नाही.

म्हणून तळाशी दात्यांचं चाक बसवलं आणि त्यावर एक खिटी. आता डबा एकाच बाजूला फिरतो, दुसऱ्या बाजूला ढकलला तर अडतो. फिरताना टकटक असा झकास आवाजही येतो.

ज्योती म्हणाली, "बाबा, उलटं फिरवणं हा पण खेळच आहे ना? पोरांना ठरवू दे की."

"पोरांनी चित्र काढायचं. फिरण्याचं मी बघतो."

मालनबाई डबा फिरवून बघत म्हणाल्या, "आं माय, ही तर उलटी प्रदक्षिणा झाली. देवळात असं कुणी फिरतंय का?" त्यांना कसं समजावणार? पट्टीवरची चित्रं डावीकडून उजवीकडे काढली तर डबा याच बाजूनं फिरायला हवा, हे शास्त्र आहे. मी कागदावर काढून दाखवलं. त्या चष्मा शोधायला गेल्या आणि परत आल्याच नाहीत.

चौकोनांवर एक, दोन, तीन असे आकडे छापावेत असंही माझं मत होतं. तिथं मात्र ज्योती अडून बसली. आकडे घातले की तो गृहपाठ होतो म्हणे. एवढी एक गोष्ट मी तिच्या मनासारखी केली.

१२ ऑगस्ट

आबिड्सच्या एका मोठ्या खेळण्यांच्या दुकानात गेलो होतो. ज्योतीही आली. दुकानभर बाहेरून आलेल्या बॅटरीच्या मोटारी, बटण दाबलं की दिवे लावून ओरडणाऱ्या. मालकानं आमचा डबा उघडून आतली कोरी पट्टी बाहेर काढली.

"इसमें क्या आता?"

मी रचना सांगायला लागलो. बेअरिंग, दाते, खिटी. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघायला लागला. तेवढ्यात ज्योती काउंटरशेजारी सरळ फरशीवर बसली आणि आईबरोबर आलेल्या एका रडक्या पोरीला तिनं पेन्सिल दिली. तिचं हिंदी पुणेरीच, पण म्हणाली, "इसमें कुछ नहीं आता. जो आप डालोगे, वो आएगा." पोरीनं चेंडू काढला. चेंडू उडायला लागला तशी पोरीची आई, दोन नोकर आणि मालकही वाकून फटीतून बघायला लागले.

मालकानं नमुन्याला काही डबे ठेवून घेतले. म्हणाला, "ये तो स्कूलों में दिखाना, साब. दुकान में कौन इत्ता बैठ के समझाता?"

परत येताना मी ज्योतीला म्हटलं, खिटीच्या आवाजानं काम केलं बघ. ती बसच्या खिडकीतून बाहेर बघत होती. दमली असावी.

१८ सप्टेंबर

खोकी छापून आली. पिवळ्यावर लाल अक्षरं, 'पळतं चित्र', खाली इंग्रजी आणि तेलुगू, आणि एका बाजूला 'रचना व निर्मिती : नामदेवराव'. मी ज्योतीला दाखवलं. तिनं खोकं चारी बाजूंनी फिरवून वाचलं. "छान छापलंय," म्हणाली, आणि भाकरी करपतेय म्हणून आत गेली.

त्याहून मोठी बातमी म्हणजे जुन्या शहरातल्या मुलींच्या एका शाळेतून बोलावणं आलंय. त्यांच्या ट्रस्टच्या आणखीही शाळा आहेत. मोठ्या बाई, त्यांना सगळे सईदा आपा म्हणतात, त्यांनी आबिड्सच्या दुकानात डबा पाहिला. मुलींनी चालवून बघितला आणि पसंत पडला तर सगळ्या शाळांसाठी घेणार. कुलदीप म्हणाला, हे झालं तर पुण्याचा विषय संपला.

२२ सप्टेंबर

सगळा विचका झाला.

ज्योतीला यायचं होतं. सकाळी साडी बदलून तयारही होती. मी म्हटलं, व्यवहाराचं बोलणं आहे, तुला कशाला त्रास, हिम्मतराव येतोय बरोबर. ती "बरं" म्हणाली.

शाळा गल्लीच्या आत, स्वच्छ, अंगणात मोठं चिंचेचं झाड. सईदा आपांनी चहा दिला. मुली ओळीनं सतरंजीवर बसल्या. मी पट्ट्या वाटल्या आणि छान समजावलं. दख्खनी बोली तर आपली घरचीच. मुलींनी भराभर काढायला घेतलं. मला वाटलं, जिंकलो.

मग पट्ट्या डब्यात घातल्या. एकीचा पतंग वर जायच्याऐवजी खाली उतरायला लागला. एकीच्या फुलाची कळी झाली. एकीचं कोंबडीचं पिल्लू चालत चालत अंड्यात शिरलं आणि अंडं बंद! ओळीच्या ओळी चुकलेल्या. एखादी चुकली तर समजू शकतो, पण सगळ्याच? मुलींनी पाठ केल्यासारखी एकच चूक केली होती. पट्टी हातात घेतली की प्रत्येकीचा हात सरळ उजव्या टोकाला जात होता. शिस्त नाही, सूचना ऐकायची सवय नाही. मी फिरून फिरून सांगत होतो, "उल्टा निकाले तुम लोग. सब उल्टा."

नुझहत नावाची एक बारकी मुलगी होती. तिनं गच्चीवरून उडणारं कबूतर काढलं होतं. चित्र सुरेख, पण डब्यात ते कबूतर आकाशातून मागं मागं येऊन गच्चीवर बसत होतं. मी सगळ्यांना समजावं म्हणून तिचीच पट्टी वर धरून दाखवली, की बघा, असं काढायचं नाही. तिनं पट्टी परत घेतली आणि खोडरबरानं खोडत बसली, कागद फाटेपर्यंत. मग ओढणीत तोंड घालून रडली.

सईदा आपा सभ्यपणे म्हणाल्या, "बच्चियों को शायद मुश्किल है. फिर कभी देखते, साब."

बसमध्ये मी हिम्मतरावला म्हटलं, आकडे छापले असते तर ही वेळ आली नसती. ज्योतीचं ऐकलं, हे त्याचं फळ.

घरी आलो. आम्ही निघाल्याबरोबर ज्योती कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जाऊन आली होती म्हणे. पुण्याला आईला फोन करायला असेल. मी तिला शाळेतलं सगळं सांगितलं. तिनं फक्त एवढंच विचारलं, "ती मुलगी नंतर गप्प झाली का?" मला आठवेना.

३ ऑक्टोबर, दसरा

आज सोनं द्यायला दादा आले होते. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ एकनाथराव. आपट्याची पानं हातात ठेवली. बासुंदी-पुरीची पानं अजून वाढायची होती. मग त्यांची नजर डब्यावर गेली. "नामा, हेच का तुझं पळणारं चित्र? दे इकडं."

दादांनी पेन्सिल घेतली आणि लहान पोरासारखी जीभ बाहेर काढून काढत बसले. गोंड्याची रूमी टोपी घातलेला एक माणूस टोपी काढून मुजरा करतो, असं त्यांच्या मनात होतं. डबा फिरवला तर माणूस मुजऱ्यातून ताठ झाला आणि टोपी हातातून उडून डोक्यावर बसली. सगळे हसले. मी कपाळाला हात लावला. "दादा, तुम्हीसुद्धा उलटंच काढलंत!"

"उलटं कसं रे? मी सुरुवातीपासून काढलंय की." आणि त्यांनी पट्टीच्या उजव्या टोकावर बोट ठेवलं.

"ही सुरुवात?"

"मग काय? आमची शाळा निजामाच्या राज्यातली, नामा. अलिफ, बे तिकडूनच सुरू होतंय. मॅट्रिकपर्यंत उजवीकडूनच लिहिलं. अजून हातात कागद आला की हात आधी तिकडंच जातोय."

दादा रोज सकाळी उर्दू पेपर वाचतात. जन्मभर बघतोय मी. मी शाळेत जायच्या वेळेला राज्य बदललं, म्हणून मी मराठीत गेलो, नाहीतर माझाही हात तिकडेच गेला असता. त्या शाळेतल्या फळ्यावरसुद्धा उर्दू लिहिलेलं होतं, मी त्याच्याच पुढे उभा राहून बोलत होतो!

ती मुलगी बरोबर होती. सगळ्या बरोबर होत्या. कबूतर उडालं होतं, मी त्याला खाली बसवलं, आणि वर तिची पट्टी सगळ्यांसमोर धरली. फार लाज वाटतेय. जेवायला बसलो तर बासुंदी जाईना.

ज्योती दारात उभी होती. तिला सगळं कळलं असावं. दादांच्या पानात तिनं आणखी एक पुरी वाढली.

५ ऑक्टोबर

उपाय सापडला. तळाशी दोन खिट्या आणि एक खटका. खटका इकडे केला की डबा मराठी-तेलुगूसाठी फिरेल, तिकडे केला की उर्दूसाठी. दोन दिवस बसून कागदावर काढलं. हिम्मतराव म्हणाला, "यार, ये खिलौना है या टाकसाळ?"

ज्योतीला दाखवलं. तिनं स्क्रूड्रायव्हर उचलून माझ्यासमोर धरला. "बाबा, एक स्क्रू आहे. तो काढला की खिटी निघते."

"मग डबा कोणत्या बाजूला फिरणार?"

"ज्या बाजूला पोरगी फिरवेल."

मी म्हटलं, आणि कुणी चुकीचं फिरवलं तर? ती म्हणाली, "तर हसेल, आणि दुसरीकडून फिरवेल."

इतकं सोपं होतं हे. जुलैपासून ती हेच सांगत होती. मी तो स्क्रू काढला. खिटी काढताना माझ्या जिवाला काय वाटलं ते मलाच माहीत, इतकी सुबक खिटी मी आयुष्यात केली नव्हती. ज्योतीनं डबा इकडून फिरवला, तिकडून फिरवला. आवाज नाही, अगदी अलगद. मग आम्ही सगळ्यांनी बसून उरलेल्या डब्यांच्या खिट्या काढल्या.

११ ऑक्टोबर

परत शाळेत गेलो. सईदा आपा तयार नव्हत्या, दारात जाऊन विनवलं. ज्योतीला बरोबर नेलं आणि ठरवलं, आपण तोंड उघडायचं नाही.

ज्योती सतरंजीवर बसली. तिनं काहीच समजावलं नाही. डबा मधे ठेवला, पट्ट्या ठेवल्या आणि स्वतः एक मासा काढायला लागली. हळूहळू मुली सरकत सरकत आल्या. नुझहत मात्र भिंतीशी बसून राहिली. ज्योतीनं पट्टी पुढे केली तर मान हलवून म्हणाली, "हमना नै आता." म्हणजे मला नाही येत.

हे त्या पोरीला मी शिकवलं होतं. गप्प राहायचं ठरवलं होतं, तरी उठलो. गुडघे धरून तिच्यासमोर खाली बसलो.

"बेटा, तुम्हारा कबूतर सही था. उस दिन डब्बा गलत था."

तिनं डब्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "तो डब्बे कू डांटो."

काय करणार? सगळ्या वर्गासमोर मी डब्याला रागावलो. कायकू रे, शरम नै आती, छोटी बच्ची को रुलाता बोलके चांगलं झापलं. मुली खिदळायला लागल्या. नुझहत हसली नाही. ती म्हणाली, "डब्बा किने बनाया?"

"हम... हम लोग बनाए," मी म्हटलं. "गलती मेरी थी, बेटा. माफ कर."

तिनं पेन्सिल घेतली आणि पाठ फिरवून काढत बसली. पट्टी तिनंच डब्यात घातली, तिनंच फिरवला. मी फटीतून बघितलं. चष्मा, टक्कल, कानावर केस. मी होतो. माझं तोंड उघडत होतं, मिटत होतं, बोट वरखाली होत होतं. मग तिनं डबा दुसऱ्या बाजूला फिरवला. मी तसाच! इकडून फिरवा नाहीतर तिकडून, मी आपला बोलतोच आहे.

सईदा आपांनी बघितलं आणि त्यांना तोंडावर पदर घ्यावा लागला. ज्योती तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. लग्न होऊन दोन वर्षं झाली, या पोरीला असं हसताना मी पाहिलंच नव्हतं. मला वाटायचं, तिचा स्वभावच अबोल आहे.

१९ ऑक्टोबर

ऑर्डर मिळाली! ट्रस्टच्या सगळ्या शाळांसाठी. मी येताना मिठाई घेऊन आलो, मालनबाईंना सांगितलं, कुलदीपला सांगितलं, आता पुणं विसरा. कुलदीप ज्योतीकडे बघायला लागला.

ज्योती म्हणाली, "बाबा, मी पुण्याला हो म्हणून सांगितलंय. कुलदीपनं बदलीचा अर्जही दिलाय."

"कधी?"

"तुम्ही हिम्मतरावकाकांना घेऊन शाळेत गेलात, त्या दिवशी. एसटीडीवरून."

मी म्हटलं, त्या दिवशी डबा बिघडला, आता चालला ना? ती म्हणाली, "डबा बिघडला ते तुम्ही संध्याकाळी आल्यावर मला कळलं. मी सकाळीच फोन केला होता."

मिठाई तशीच टेबलावर आहे. मी एवढं सगळं कुणासाठी केलं? शेड, पत्रा, बसचे धक्के, त्या पोरीच्या पुढे गुडघे टेकले. आणि ही सकाळीच ठरवून मोकळी! निदान सांगायचं तरी. पुण्याची माणसं आतल्या गाठीचीच.

२० ऑक्टोबर

काही लिहायचं नाही.

२९ ऑक्टोबर

दिवाळी झाली म्हणायची. मी ज्योतीशी कामापुरतंच बोललो. तीही शेडवर येऊन शाळेच्या डब्यांना आतून काळा रंग देते आणि जाते.

आज फराळाचे डबे आवरताना मालनबाईंना मी म्हटलं, सूनबाईनं घराचा विचार केला नाही. त्या एकदम उसळल्या. "तुम्ही तिचा केलात? खेळणं तिचं. तुम्ही पुठ्ठ्याचा पत्रा केलात, त्याला खिटी लावलीत, खोक्यावर नाव घातलंत, आणि दाखवायला निघालात तर तिलाच घरी बसवलंत. ती साडी नेसून दारात उभी होती. मी बघत होते ना! काय बोलायलाव तुम्ही?"

मी म्हटलं, तुम्ही तेव्हा का बोलला नाहीत? "बोलले की. तुम्ही कागदावर शास्त्र काढून दाखवलंत."

मागची पानं काढून वाचली. तीन जूनला मी लिहिलंय, मला हे खेळणं सुचलं. त्याच पानावर दोन ओळी वर तिचा डबा फिरतोय, आणि दोन ओळी खाली ती तिची चित्रं घेऊन उभी आहे. माझ्याच हातानं लिहिलंय आणि मला दिसलं नाही.

१२ नोव्हेंबर

शाळांचा माल पोचता झाला. कुलदीपची बदली आली.

ज्योती दुपारी शेडवर आली. हातातला ब्रश धूत धूत म्हणाली, "बाबा, एक विचारायचं होतं. पुण्याला नोकरी सांभाळून मी हे खेळणं सुरू ठेवलं तर तुम्हाला चालेल का?"

तिचंच खेळणं, आणि ती माझी परवानगी मागत होती. मी म्हटलं, तू काय ठरवलंयस ते सांग. ऐकतो. तिनं बघितलं, खरंच ऐकणार आहे का म्हणून. मग सांगत सुटली. पुठ्ठ्याचे डबे, पसरट पाठवायचे, पोरांनी स्वतः वाकवून जोडायचे. पट्ट्या लांब, रंगीत. फटी कापायला मात्र तुमचा साचा लागेल, तसा दुसरा कुणी करणार नाही. मी मधे दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. त्या नुझहतनं मला बरोबर ओळखलं होतं.

शेवटी म्हटलं, "साचा बसवायला माणूस लागेल. चुकला तर पाती मोडतील."

"तुम्हीच या ना. आईंना घेऊन या, महिनाभर राहा."

"आणि सूचना?"

"विचारल्यावर," ती म्हणाली आणि हसली.

१९ नोव्हेंबर

पोरं परवाच्या गाडीनं निघतील. जड सामान आधी जावं म्हणून आज साचा स्टेशनवर पार्सलला नेला. काल दिवसभर हिम्मतराव आणि मी तो उतरवत होतो. ग्रीस लावलं, गोणपाटात गुंडाळला, फळ्यांच्या पेटीत ठोकला. शेडचा आमचा अर्धा भाग आता मोकळा आहे, तिथं आवाज घुमतो. हिम्मतराव म्हणाला, अब क्या करते? मी म्हटलं, बघू.

ज्योतीही आली होती. तिनं हमालाबरोबर पेटीला हात लावला, मी नको म्हटलं तरी.

पार्सल ऑफिसात खिडकीमागचा बाबू पेनानं डोकं खाजवत होता. "अंदर क्या है?"

"साचा है. खिलौने का."

"कंपनी का?"

"नै."

"तो किसका माल है, साब? मालिक का नाम बोलो, लिखना पडता."

मी ज्योतीकडे बघितलं. ती दोरीची गाठ तपासत होती, तिचं लक्ष नव्हतं. बाबूनं आपणच अंदाज केला, "आपका ही लिखूँ?" आणि पेन टेकवलंसुद्धा.

"नै नै," मी म्हटलं. "मेरा नै. हमारी बहू का है. खिलौना वोईच बनाई. ज्योती नाम लिखो."

ज्योतीनं दोरी सोडून वर बघितलं. बाबूनं आधीचं खोडून तिचं नाव लिहिलं आणि पावती माझ्यापुढे केली. मी ती तिच्याकडे सरकवली. ती दोन्ही हातांनी घेऊन वाचत उभी राहिली. मागच्या माणसानं हटो म्हटलं, तरी तिथंच उभी होती.